शेजारची नोंद

[दृश्य: वाई. कृष्णेचा घाट, पलीकडे देवळाचा कळस]

वाईला लोक येतात ते ढोल्या गणपतीला, नाहीतर पाचगणी-महाबळेश्वरला जाताना चहापाण्याला थांबतात, आणि शूटिंगवाले तर इथं कायमच. आपण मात्र चाललोय गंगापुरीत, मराठी विश्वकोशाच्या ऑफिसकडे. हो, तेच ते जाडजूड खंड, शाळेच्या लायब्ररीत कुलूपबंद कपाटात असायचे आणि चावी कोणाकडं आहे हे कुणालाच माहीत नसायचं.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओ तर नॉनफिक्शनवर आहे, चांगली पुस्तकं, पॉडकास्ट, डॉक्युमेंटऱ्या कशा शोधायच्या ते सांगणार होतात ना, मग हे विश्वकोश काय मधेच? तर कसंय, 'ही दहा पुस्तकं वाचाच' टाइपची यादी आम्हीही देऊ शकलो असतो, नेटवर पोत्यानं पडल्यात. यादीचा तोटा नाहीच आहे. होतं काय की तुम्ही एकदा किल्ल्यांवरचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघता आणि मग फीडमध्ये किल्लेच किल्ले, तेच बुरूज, तेच ड्रोन शॉट, तोच आवाज. तुम्हाला जे आवडलं तेच तो अल्गोरिदम परत परत वाढतो. पण जे आवडेल आणि ज्याचं अजून नावही ऐकलेलं नाही, ते त्याच्याकडं मागायचं कसं?

विश्वकोशाकडं काही मागावं लागत नाही. तिथं सगळं अकारविल्हे. पहिला खंड अंक ते आतुरचिकित्सा, बस, विषयबिषय काही नाही, अक्षर जुळलं की शेजारी.

[दृश्य: दुसरा आणि तिसरा खंड, कडेला लावलेले]

हे दोन खंड बघा. दुसरा संपतो जेकब एप्स्टाइनवर, शिल्पकार माणूस, पॅरिसला लेखक ऑस्कर वाइल्डच्या थडग्यावरचं शिल्प याचं. तिसरा उघडतो हेरमान एबिंगहाउसवर, हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. या एबिंगहाउसनं काय केलं, तर काहीच अर्थ नसलेल्या अशा दोन हजारांहून जास्त अक्षरजुळण्या तयार केल्या, स्वतःच पाठ केल्या, आणि तासाभरानं किती विसरलो, दिवसानं किती, महिन्यानं किती, हे मोजत बसला. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग तोही तोच. 1885 ला त्यानं ते छापलं. आज भाषा शिकायच्या ॲपमध्ये जुना शब्द बरोबर विसरायच्या बेतात असताना परत समोर येतो ना, त्याचं मूळ इथं.

आणि हाच खंड संपतो कुठं, तर किसांगानीला. हे काँगो नदीवरचं शहर, आधीचं नाव स्टॅन्लीव्हिल. नाव कुठून आलं तर हेन्री मॉर्टन स्टॅन्ली, काँगोचा मुलूख शोधत फिरलेला प्रवासी, आणि स्टॅन्ली म्हटला की मागोमाग तो ज्याच्यासाठी तिथं काम करायचा तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड आलाच. त्या राजानं 1885 लाच, म्हणजे एबिंगहाउसचं पुस्तक आलं त्याच साली (आणि त्याच डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसची पहिली बैठक भरली, साल एकच, बाकी काही नाही), काँगोचा तो एवढा मोठा मुलूख स्वतःच्या खाजगी मालकीचा करून घेतला. देशाच्या नाही हं, स्वतःच्या.

इथं विश्वकोश सोडायचा आणि पुस्तकाकडं जायचं. ॲडम हॉक्सचाइल्डचं 'किंग लिओपोल्ड्स घोस्ट', 1998 चं. त्यातला एडमंड मोरेल हा माणूस विसरता येत नाही. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतला साधा क्लार्क. कामानिमित्त बेल्जियमच्या बंदरावर जायचा, तिथं त्याच्या लक्षात आलं की काँगोहून जहाजं येतात ती रबर आणि हस्तिदंतानं भरून, आणि जाताना त्यात असतात बंदुका, काडतुसं. मालाच्या बदल्यात माल असं काही जातच नाहीये. मग हे रबर गोळा करणाऱ्यांना मिळतंय काय? काही नाही, म्हणजे ही गुलामीच. एवढं सगळं त्याला जहाजांच्या हिशेबावरनं कळलं, काँगोत पाऊल न टाकता. पुढं नोकरी सोडून त्यानं असं रान उठवलं की 1908 ला राजाच्या हातनं काँगो काढून घ्यावा लागला.

विश्वकोशाची एक अडचण आहे, ती सांगितलीच पाहिजे. तिसरा खंड छापला तेव्हा किसांगानीच्या देशाचं नाव झाईर होतं, 1997 ला ते परत काँगो झालं. म्हणजे छापील नोंद ही दार उघडायला, आतलं आजचं सामान दुसरीकडनं आणायचं. पॉडकास्ट त्यासाठी बरे. बीबीसी रेडिओचा 'इन अवर टाइम' 1998 पासून चालू आहे, मेल्विन ब्रॅग यांनी पंचवीसहून जास्त वर्षं तो चालवला. एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तास, म्युझिक नाही, उगाच हशा नाही. कोणी प्राध्यापक भरकटायला लागला की ब्रॅग सरळ मधे तोडायचे, आम्हाला तर तेच ऐकायला मजा येते. हजारावर एपिसोड आहेत. आपल्या आवडीचा विषय तिथं शोधू नका, यादीत कुठंही बोट ठेवा.

[दृश्य: जुनं सिंगल स्क्रीन थिएटर]

डॉक्युमेंटरीच्या बाबतीत तर असं न निवडता समोर येईल ते बघणं आपल्याकडं सक्तीनंच होतं. फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे सरकारचं डॉक्युमेंटऱ्या काढणारं खातं, 1948 ची, मुंबईची. पिक्चरच्या आधी यांची रीळ दाखवावीच लागायची, आणि लोक तेवढ्यात बाहेर विडी मारून यायचे. काही रिळी खरंच झोप आणणाऱ्या होत्या, खोटं कशाला बोला. पण त्यातच एस. एन. एस. शास्त्रींची 'आय ॲम ट्वेंटी' पण आहे, 1967 ची. देश स्वतंत्र झाला तेव्हा जन्मलेली पोरं वीस वर्षांची झाली, त्यांना गाठून विचारलंय, काय वाटतं तुम्हाला या देशाबद्दल. उत्तरं इतकी मोकळी की सरकारी खात्याची फिल्म आहे यावर विश्वास बसत नाही. यूट्यूबवर आहे, वीसेक मिनिटांची.

आता विश्वकोश नेटवर फुकट आहे, आणि त्याच्या आधीचा, श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 23 खंडांचा ज्ञानकोशही आहे. कॉर्नेलला पीएचडी करून आलेला हा माणूस, कोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार गोळा केले, नागपुरात सुरुवात करून पुण्यात पुरा केला. पण साइटवर गेलं की समोर सर्च बॉक्स येतो आणि आपण जे ठाऊक आहे तेच टाइप करतो, शेजारी गेला. म्हणून सर्च सोडून नोंदींची यादी उघडायची.

केतकरांवरनं अजून एक धागा निघतो. मॉरिस विंटरनिट्झ या प्राग विद्यापीठातल्या पंडितानं भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमध्ये लिहिला, त्याचं इंग्रजी भाषांतर 1927 ला कलकत्ता विद्यापीठानं काढलं, भाषांतरकार 'मिसेस एस. केतकर'. ह्या केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई, लग्नाआधीच्या इडिथ कोन, जर्मन ज्यू. विद्वान लोक तळटिपांमध्ये हे नाव देतात आणि पुढं जातात. बाईंनी मराठीत आठवणी लिहिल्यात, केतकरांबरोबरच्या संसाराच्या, नाव 'मीच हे सांगितले पाहिजे'. लायब्ररीत काउंटरवर नुसतं केतकर म्हणालात तर ज्ञानकोशच काढून देतील, तेव्हा चिठ्ठीवर शीलवतीबाई असं पूर्ण लिहा.