दहावी व्हयनी, आते काय?

(पहाट. केळीची बाग.)

सकाळचे सहा वाजलेत, चोपडा तालुक्यातलं हे तापीकाठचं गाव, आणि हा जो मुलगा खांद्यावरून केळीचा घड गाडीपर्यंत नेतोय ना, तो दहावीला आहे. शर्टावर ते काळे डाग केळीच्या चिकाचे, किती धुतले तरी जात नाहीत, म्हणून कामाचा शर्ट वेगळाच असतो. आज रविवार. नऊ वाजता आंघोळ करून, शाळेचा शर्ट घालून तो मराठी शाळेत येणारे, हातात एक प्लास्टिकची फाईल घेऊन.

मी याच भागातला. आमच्या वेळी निकाल लागला की जो भेटेल तो विचारायचा, "दहावी व्हयनी, आते काय?" आणि उत्तर ठरलेलं, मार्क जास्त तर सायन्स, कमी तर आर्ट्स, नाहीतर आयटीआय. मी सायन्स घेतलं, बारावीला मार्क चांगले होते, सीईटीचा स्कोअर होता, नव्हती ती जात पडताळणी, म्हणजे राखीव सीटसाठी जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र. त्यासाठी आधीच अर्ज करायचा असतो हेच मला ॲडमिशनच्या वेळी कळलं. सीट गेली, ओपनची फी वडिलांना झेपणारी नव्हती, अख्खं वर्ष घरात. त्या वर्षी आई कोणाच्या लग्नालासुद्धा गेली नाही, लोक विचारतील म्हणून. ते मला आजही लागतं.

(शाळेची खोली. जमिनीवर बसलेली मुलं.)

रविवारी इथे दहावीनंतर काय करायचं, कुठले कागद जमवायचे, हे सांगतात. शिकवणारे सगळे गावचेच. एक ताई नर्स आहे, एक दादा भुसावळला रेल्वेत. नववीपासूनच मुलांना बसवतात, कारण दहावीच्या सुट्टीत सुरू केलं तर उशीर होतो, हे सगळ्यांनी स्वतः भोगलंय.

दादा आधी विचारतात, तुला काय आवडतं. मग फळ्यावर रस्ते काढतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, तो झाला की इंजिनीअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. आयटीआय करून रेल्वेत अप्रेंटिस होता येतं, भुसावळला इलेक्ट्रिक लोकोचं वर्कशॉप आहे, दादा स्वतः तसेच लागले. आणि अकरावीला गणित सोडलं तर पुढे काय काय बंद होतं, हे तर ते दोनदा सांगतात.

आपला केळीवाला मुलगा म्हणतो, मला धुळ्याच्या शेतकी कॉलेजला जायचंय. मग आर्ट्स घेतलं तर चालेल का, शेतीच तर आहे! नाही चालत भाऊ. बीएस्सी ॲग्रीला बारावी सायन्स लागतं, सीईटी द्यावी लागते. हे त्याला आज कळलं, दहावीत कळलं. बारावीनंतर कळलं असतं तर? माझं तर म्हणणं आहे की ही एक गोष्ट कळली तरी रविवार वसूल झाला.

मागे दोन-तीन आया बसल्यात. ताई त्यांना सांगतायत की २०२४ पासून, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (मराठा समाजाचं आरक्षण), ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल) यांच्या मुलींना प्रोफेशनल कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, फक्त ॲडमिशन सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेशातून, पाहिजे. एक आई विचारते, "पूर्ण?" ताई म्हणतात, हो मावशी, पूर्ण. तरी ती परत विचारते.

आता फाईल उघडू. आधारची झेरॉक्स, वडिलांचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. खालचा कप्पा रिकामा, तो जात पडताळणीचा. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, म्हणजे थेट आजोबांपर्यंत जावं लागतं. याची आजी तर आठवड्याभरापूर्वीच म्हणाली होती, "तुना आजला साळामा गयाच नही." शाळेतच गेले नाहीत तर दाखला कुठून यायचा, पोरगा हिरमुसून बसला होता. तेव्हा ताईंनी दोन वाटा सांगितल्या, तहसीलला कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल माग, आणि आजोबांचा सख्खा भाऊ शाळेत गेला होता का ते घरी विचार. गेला होता. ह्याच शाळेत.

(जुनं कपाट. हेडमास्तर रजिस्टर काढतात.)

सर जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, जपून उघडतात, पानांच्या कडा भुग्यासारख्या झालेल्या, शाई तपकिरी पडलेली. बोट एकेक ओळ खाली सरकतं. मुलगा सरांच्या खांद्यावरून वाकून बघतोय, श्वाससुद्धा हळू घेतोय. मग बोट थांबतं. चुलत आजोबांचं नाव, बापाचं नाव, जात, आणि पुढे तारीख, १९५८ ची.

सर म्हणतात, "लिही बेटा, नक्कल मिळण्याबाबत अर्ज."

तो खाली बसतो, मांडीवर वही घेतो आणि वर उजव्या कोपऱ्यात आजची तारीख टाकतो.