झुडपं झोडणारा 'बुशव्हॅकर' मारेकरी कसा झाला?

नमस्कार मंडळी! आज एकच शब्द घेऊया: बुशव्हॅकर. बुश म्हणजे झुडूप, व्हॅक म्हणजे सणकून हाणलेला फटका. रानातून वाट काढत जाणारा, एवढाच अर्थ. १८०९ मध्ये अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या लिखाणात हा शब्द सापडतो. नावाडीही तो वापरायचे. प्रवाहाविरुद्ध नाव न्यायची, तर काठावरची झुडपं धरून ती पुढे ओढायची. याला म्हणायचे बुशव्हॅकिंग. काही जण डच भाषेतल्या रानराखणदाराच्या शब्दाकडेही बोट दाखवतात, पण ते खात्रीचं नाही.

मग यात रक्त कुठून आलं? अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातून.



१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं: एकीकडे फुटून निघालेली गुलामगिरीवाली दक्षिणेतली राज्यं, दुसरीकडे उत्तरेचं संघराज्य. मिझुरीत गुलामगिरी होती, तरी राज्य संघराज्यातच राहिलं. त्यामुळे भांडण थेट गावागावांत शिरलं. दक्षिणेच्या बाजूची पोरं घोडे घेऊन रानात गेली आणि दबा धरून हल्ले करू लागली. त्यांनाच म्हणायचे बुशव्हॅकर. गणवेश नाही, पगार नाही. अंगात आई-बहिणींनी भरतकाम केलेला सैल सदरा, त्याला मोठाले खिसे, आणि कमरेला एक नाही, चार-चार रिव्हॉल्व्हर. हौस नव्हती ती! त्या काळी सहा बार उडाले की पुन्हा भरायला वेळ लागायचा, आणि धावत्या घोड्यावर ते कोण करणार? समोरच्या शिपायाच्या बंदुकीत बहुतेकदा एकच गोळी.

लगेच 'अरे, हा तर आपला गनिमी कावा!' म्हणू नका. २१ ऑगस्ट १८६३ ला विल्यम क्वांट्रिलच्या बुशव्हॅकर टोळीने शेजारच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात दीडशेच्या आसपास पुरुष आणि पोरं मारली. बहुतेक निःशस्त्र. याला लढाई म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी बाजूही काही कमी नव्हती बरं का. कॅन्ससचे 'जेहॉकर', म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या टोळ्या, मिझुरीत लुटालूट करतच होते. लॉरेन्सनंतर चारच दिवसांनी उत्तरेच्या जनरल युइंगने हुकूम काढला आणि मिझुरीच्या सरहद्दीवरच्या चार काउंट्यांतला (जिल्ह्यांतला) ग्रामीण भाग जवळजवळ रिकामा करवला. घरं जळाली, त्या पट्ट्याला 'जळका मुलूख' हेच नाव पडलं.

'बुशव्हॅकर' हा शिक्का जिवावर बेतायचा. १८६२ मध्येच उत्तरेच्याच जनरल हॅलेकने बजावलं होतं की असे लोक युद्धकैदी नाहीत, गुन्हेगार आहेत. म्हणजे सापडला की फास.

१८६५ ला युद्ध संपलं, पण काहींचा हात बंदुकीवरून निघाला नाही. फ्रँक आणि जेसी जेम्स हे भाऊ याच टोळ्यांत तयार झालेले. पुढे त्यांनी बँका आणि आगगाड्या लुटल्या.