कराटे तुम्हाला येतं, कुत्र्याला कुठे माहीत?

(पहाट. नागपूरच्या महाल भागातला आखाडा. तांबड्या मातीवर फक्त पावलं.)

काठीकडे नंतर बघू, आधी पायांकडे बघा. डावा पुढे, उजवा मागे, मध्ये खांद्यांएवढं अंतर, गुडघे किंचित मोडलेले. हा पवित्रा. नवख्या मुलाच्या हाती लगेच काठी देत नाहीत. पवित्रा बदलत पुढे जायचं, पवित्रा बदलत मागे यायचं, एवढंच करून घेतात. कंटाळवाणं वाटतं खरं, पण कुत्रं अंगावर आलं की सगळ्यांत आधी हेच कामी येतं: पाठ न दाखवता, न अडखळता मागे सरकणं. पळालात तर तो मागे येणारच, आणि त्याच्या वेगाशी तुमची बरोबरी नाही.

(मॅट. पांढरे गणवेश. किक.)

ही किक छातीवर बसते, कारण समोर माणूस उभा आहे. गावठी कुत्र्याची पाठ तुमच्या गुडघ्याच्या जरा वर. तिथे पाय टाकला की पायच त्याच्या तोंडाशी जातो, आणि तुम्ही एका पायावर उभे. ठोसा मारायला वाकलात तर चेहरा त्याच्या उडीत येतो, आणि कवटीवर बसलेल्या ठोशाने मोडतात ती तुमच्या हाताची हाडं. कातडी धरली तर ती सैल असते, कुत्रं आतल्या आत वळून चावतं. मनगट पिरगाळायचं तर आधी मनगट हवं! माणूस दुखलं की सोडतो, चवताळलेलं जनावर सोडेलच असं नाही.

ज्यूदोतून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. पडणं. हनुवटी छातीला, पाठ गोल, श्वास बाहेर. कुत्र्यांच्या टोळीच्या हल्ल्यात मोठ्या जखमा होतात त्या माणूस खाली पडल्यावर. उठता आलं तर लगेच उठायचं. नाहीच जमलं तर गुडघे पोटाशी, हात मानेमागे, कोपरांनी कान आणि चेहरा झाकलेला.

(बांबूची मोळी. शेकोटी. तेलाचा हात.)

आता काठी. विदर्भात बांबू मुख्यतः दोन: कटांग आणि मानवेल. कटांग जाड, पोकळ, काटेरी. लाठीला मानवेल, तीही बुंध्याकडची, कारण तिथे पोकळी जवळजवळ नसते. पेरं जवळजवळ हवीत. जाडी मुठीत बोटं अंगठ्याला टेकतील एवढी, उंची धरणाऱ्याच्या कानापर्यंत. कापल्यावर सावलीत वाळवायची. उन्हात टाकली तर तडकते. वाकडी असेल तर विस्तवावर शेकून गुडघ्यावर सरळ करायची. मग जवसाचं तेल, पुन्हापुन्हा. खालच्या टोकाला लोखंडी शेंबी, नाहीतर टोक फुटून झाडूसारखं होतं. या मुलखाला देशी व्यायामाचं वेड जुनं आहे: अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथले खेळाडू आपले व्यायामप्रकार दाखवून आले.

(रात्र. इतवारीतली गल्ली. दिव्याखाली चार कुत्री.)

नवशिका काठी डोक्यावर उगारतो. ती खाली येईपर्यंत कुत्रं पायाशी पोचलेलं असतं. टोक खाली धरा, त्याच्या नाकासमोर, जमिनीपासून वीतभर वर. डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. टोकाला चावतोय? चावू द्या. काठी अंतर राखण्यासाठी आहे, मारण्यासाठी नाही. विनाकारण मारणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. समोरचं भुंकतं तेव्हा मागून येणाऱ्यावर लक्ष हवं, म्हणून पाठ भिंतीला किंवा उभ्या गाडीला. काठी नसेल तर हेल्मेट, दप्तर, उघडलेली छत्री. गाडीवर असाल तर वेग वाढवू नका, कमी करा.

(जाड बाही घातलेला हात, कुत्र्याचा जबडा.)

धरलंच तर झटका देऊन ओढू नका, दात मांस फाडत निघतात. हात जबड्याच्या आतल्या बाजूला ढकला, पकड ढिली होते तेव्हा सोडवा.

(नळ. साबणाचा फेस.)

वाहतं पाणी, साबण, घड्याळ लावून 15 मिनिटं. हळद, चुना, तिखट काही नाही. लगेच दवाखाना, रेबीजची लस, रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. लक्षणं दिसल्यावर रेबीजचा माणूस वाचत नाही असंच धरून चाला.

(सकाळ. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या काठावरचं गाव. मोहाखाली टोपल्या.)

200 किलोच्या वाघापुढे कुठलाच डाव नाही. बिबट्या अंगावर आलाच तर आरडाओरडा करत, हाताला येईल त्याने झुंजायचं. अस्वल झडप घालतं ते चेहऱ्यावर. पालथं पडून मान झाकायची. पण जंगलात काठीचं खरं काम आवाजाचं. मोहफुलं वेचणारी बाई वाकलेली, पाठ झाडीकडे, आणि वाघ येतो तो मागूनच. म्हणून चौघी वेचतात, पाचवी उभी. तिची नजर झाडीवर, आणि काठी दर थोड्या वेळाने बुंध्यावर, ठक, ठक.