वावरातून वेदीपर्यंत

[पऱ्हाटीचं वावर. वेचणाऱ्या हातांचा जवळून शॉट.]

बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात. कापूस ओढताना ती टोकं नखांच्या कडेला टोचतात. हे हात नीट पाहा. अंगठा आणि दोन बोटं बोंडात शिरतात, सगळा कापूस एका ओढीत बाहेर येतो आणि वाळकी पत्ती झाडालाच राहते. पत्ती चिकटून आली तर मालाचा भाव उतरतो. ही सफाई कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आईच्या मागे तासातून, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीतून, चालता चालता ती अंगात येते.

लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, कमरेला फाटक्या साडीची ओटी. अमरावती जिल्ह्यातल्या या काळ्या मातीत दसरा-दिवाळीपासून पार जानेवारीपर्यंत हेच दिसतं.

[एक बाई कपाळाला हात लावते.]

कपाळ, छाती, दोन्ही खांदे. क्रुसाची खूण करून या काकू पहिल्या बोंडाला हात घालतात. त्यांच्या शेजारच्या तासात ज्या मावशी आहेत, त्यांनी हंगामाच्या पहिल्या दिवशी सीतादही केलं होतं, याच पऱ्हाटीला दहीभात वाहिला होता. आता दोघींच्या ओट्या बरोबरीने फुगत चालल्या आहेत.

काकूंच्या गळ्यात जपमाळ आहे, पण ती हातात घेऊन जपायला सवड नाही. तसं विचारलं तर म्हणतात, "मनी ओढाले हात कुठी मोकये हायेत, दादा?" मरियामातेचा जप मात्र थांबत नाही. ओठ हलताना दिसतात. बोंडामागून बोंड, आणि नमो मरियामागून नमो मरिया.

[गावातलं छोटं चर्च. घंटा.]

या कॅथलिक चर्चची मुळं नागपुरात आहेत. एकोणिसाव्या शतकात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशनरी आजच्या फ्रान्समधून मध्य भारतात आले. 1887 मध्ये नागपूर धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश, झाला आणि 1955 मध्ये अमरावतीचा वेगळा. नागपूरच्या कॅथेड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला, आजही याच संताचं नाव आहे.

हा संत कोण होता, ते सांगायलाच हवं, कारण या वावराशी त्याचं थेट नातं आहे. ते बिशप होते, 1622 मध्ये वारले. भक्ती ही मठात राहणाऱ्यांचीच मिरास आहे, असं त्यांच्या काळात बहुतेक जण धरून चालत. त्यांनी ते साफ खोडून काढलं. सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, संसारी माणसाच्या घरातून भक्ती हद्दपार करणं म्हणजे पाखंड, असं त्यांनी 1609 मध्ये छापून सांगितलं. ज्याचं जे काम, त्याला साजेशी त्याची भक्ती. त्यांचा सण 24 जानेवारीला येतो. त्या दिवशीही इथल्या बाया वेचणीलाच असतात, आणि तसंच असणं त्यांच्या शिकवणीला धरून आहे.

वऱ्हाडाला हे परकं वाटायचं कारण नाही. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला आणि तीच पूजा मानली.

[रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. अर्पणाची रांग.]

मिस्सेत भाकर आणि द्राक्षरस वेदीवर येतात तेव्हा धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात भाकरीला भूमीचं फळ आणि माणसाच्या हातचं काम म्हटलं आहे. दर रविवारी हे शब्द कानावर पडतात आणि बहुधा तसेच निघून जातात. आज त्या रांगेत ज्वारीचं कणीस आहे, तुरीच्या शेंगा आहेत, आणि सुपात कापूस. तो वेचणारीच तो घेऊन चालली आहे. वेदीवर अंथरलेलं पांढरं कापड एरवी आपण पाहतसुद्धा नाही. आज सुपातल्या कापसाशेजारी ते दिसतं.

[पवित्र गुरुवार. पाय धुण्याचा विधी.]

हे चित्रीकरण ईस्टरआधीच्या मागच्या उपवासकाळाच्या शेवटचं. फादर गुडघ्यावर बसले आहेत. समोर बसलेल्या वेचणारीच्या पायांना जळवात आहे, टाचांच्या भेगांत माती बसलेली आहे. ती एका धुण्याने निघत नाही. फादर पुन्हा पाणी ओततात. पूर्वी नियमाने हा विधी पुरुषांपुरताच होता. 2016 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला, म्हणून हे पाय या परातीत आहेत.

बोंडअळी, पडलेला भाव, कर्ज आणि पुण्या-नागपूरकडे निघून गेलेली मुलं, हे सगळंही या बायांच्या घरांत आहे.

[संध्याकाळ. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गाठोडी. वजनाचा काटा.]

दिवसभराची खरी परीक्षा इथे होते. वेचणीची मजुरी किलोवर असते. गाठोडं काट्याला लागलं की बाया बोलायच्या थांबतात आणि सगळ्यांची नजर आकड्यावर जाते. वजनात थोडी जरी कसर झाली, तरी तेवढे वाकून घालवलेले तास मजुरीतून जातात. नवीन करारातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे, असं तिथे लिहिलं आहे. मजुराची मजुरी बुडवणं हे स्वर्गाकडे हाक मारणारं पाप, असं चर्च आजही शिकवतं.

म्हणून या धर्मग्रामाची, म्हणजे या चर्चच्या गोतावळ्याची, उपासना आम्ही वेदीइतकीच या धुऱ्यावर पाहिली. वेचणारी आणि वावराचा मालक रविवारी एकाच छताखाली प्रभुभोजन घेतात. सोमवारी मधे काटा असतो. तो सरळ नसेल तर रविवारच्या सुपातल्या कापसाला काय अर्थ उरला?

या वावराच्या मालकाने यंदा काटा घराच्या अंगणातून उचलून वावरात आणला. प्रत्येकीसमोर तिचं गाठोडं लागतं. आकडा तो मोठ्याने वाचतो, आणि काकूंची नववीतली मुलगी तो वहीत लिहिते. मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी, सकाळीच. किराणा भरायचा असतो, शाळेची फी असते, आणि संध्याकाळपर्यंत पैशासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.