भिंतीवरची रेघ

(दृश्य : कोल्हापूर, सुतारवाडा. भिंतीवर गाळाचा आडवा पट्टा.)

ही रेघ पाण्यानं ओढलेली आहे. रेघेच्या वर रंग शाबूत, खाली गाळ. पूर ओसरला की पंचनाम्याला येणारी माणसं आधी हीच बघतात. म्हणून घर धुवायला काढलं तरी एक भिंत तशीच सोडावी. दारावरचा घर क्रमांक आणि ही रेघ एकाच फोटोत येईल, असा फोटो काढून ठेवावा.

(दृश्य : राजाराम बंधारा, पाणी मोजायची पट्टी.)

पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्या वर. याच पट्टीवरचे 43 फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून 543.29 मीटर. हा मीटरातला आकडा लक्षात असू द्या.

(दृश्य : अंगणात खुर्ची, त्यावर पंचनाम्याचे कागद.)

तलाठी, महापालिकेचा कर्मचारी, पंच म्हणून शेजारच्यांच्या सह्या. सोबत रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, घरफाळ्याची पावती. दुकान असेल तर शॉप अॅक्टचा दाखला. कागद एवढेच, पण गाडी अडते ती यातच. भाडेकरूचं सामान भिजतं आणि पंचनामा घरमालकाच्या नावावर होतो. दोन भावांच्या चुली वेगळ्या, पण रेशनकार्ड एक, म्हणून मदतही एकच. 2021 ला तर पुराआधी जेमतेम तीन आठवडे सिंडिकेट बँकेचे जुने आयएफएससी कोड बंद झाले होते. जुन्या पासबुकावरचा कोड तसाच उतरवला, की पैसे खात्यावर जायचेच नाहीत.

कपडे आणि भांडी यांसाठी त्या वर्षी कुटुंबाला 10,000 रुपये ठरले. घर पूर्ण पडलं तर 1,50,000. निम्मं पडलं तर 50,000, पाव पडलं तर 25,000 आणि किमान 15 टक्के पडझडीला 15,000.

(दृश्य : मातीची भिंत, खालचा भाग फुगलेला.)

इथं थांबून बघा. जुन्या पेठांतली मातीची भिंत पाण्यात असताना बऱ्याचदा उभी राहते. पाणी उतरतं, ऊन पडतं, पायाकडची माती वाळून आकसते, आणि भिंत बसते ती आठ-दहा दिवसांनी. तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो, 15 टक्क्यांचा. अशा वेळी फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी विभागीय कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून काही होत नाही. पहिल्या पंचनाम्यात ‘भिंतीला तडा, पाया भिजलेला’ एवढं लिहून घेतलेलं असेल, तर दुसरा सोपा जातो.

(दृश्य : नगररचना विभाग. नकाशावर निळी आणि लाल रेषा.)

आता तीच भिंत परत बांधायची आहे. मंजूर नकाशाप्रमाणे होती तेवढीच बांधणार असाल, तर आपत्तीत पडलेल्या भागाला वेगळी परवानगी लागत नाही. पण पेठेतल्या किती घरांकडे मंजूर नकाशा सापडेल? नसेल तर मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, आर्किटेक्टचा आराखडा, असा सगळा प्रवास. मग जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र.

आराखडा या दोन रेषांवर तपासला जातो. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. नदीकाठ ते निळ्या रेषेपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, जुन्या अधिकृत घराचा पुनर्विकास तेवढा होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर हवं. ही पातळी समुद्रसपाटीपासून मीटरात धरतात.

आणि पंचनाम्यात काय लिहिलेलं असतं? ‘घरात पाणी आले.’ किती, ते नाही. मदतीचा कागद महसूलच्या कपाटात, परवानगीचा नगररचनेच्या संगणकात. एकाच भिंतीची दोन टिपणं एकमेकांना कधी भेटत नाहीत. जमिनीपासून पाणी किती फूट-इंच चढलं, हा एक रकाना पंचनाम्यात हवा. तो भरायला टेप पुरते.

2019 ला ज्या घरांत पाणी शिरलं, त्यातल्या अनेकांत 2021 ला पुन्हा शिरलं.

(दृश्य : गल्लीच्या तोंडाशी ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण. भिंतीला टेकवलेला स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी मोजपट्टी.)

टेपेचे फूट मीटरात न्यायचे ते असे. पातळी माहीत असलेल्या खुणेवर स्टाफ धरून दुर्बिणीतून पहिलं वाचन, मग स्टाफ रेघेशी धरून दुसरं. दोन्हींतला फरक खुणेच्या पातळीत मिळवायचा किंवा वजा करायचा. येणारा आकडा घर क्रमांकासमोर लिहायचा. रंगकाम मात्र त्यानंतर.