अर्धा इंच माया

(महिला बचत गटांच्या शिवण शिबिरातलं व्याख्यान, थोडं संपादित)

मागे ऐकू येतंय ना? पंखा जरा कमी करा. तोवर ही शेकायची गव्हाची पिशवी हातोहात पुढे जाऊ द्या, आत्ताच गरम केलीय. मानेवर ठेवून बघा. मी बोलले काय नि नाही बोलले काय, ती तिचं काम करेल.

यात नवं काही नाही. बाळाला सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर टेकवायची, कंबर धरली की जाडं मीठ कढईत तापवून फडक्यात बांधायचं, हे आपण सगळ्यांनी घरात पाहिलंय. मी गहू भरते. गहू ऊब धरून ठेवतो, सावकाश सोडतो, आणि पिशवी अंगाच्या वळणावर बसते. सुरुवातीला मला वाटायचं, शिवता येतं ना, मग झालं.

पहिल्या वर्षी मी पिशव्या शिवल्या जरीच्या काठाच्या खणाच्या. दिसायला देखण्या! दोरा पॉलिस्टरचा, कारण तो लवकर तुटत नाही. आणि कापड वाचावं म्हणून शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड, ठेवली पाव इंच. जत्रेत पहिल्याच दिवशी दोन पिशव्या उसवल्या नि गहू टेबलावर. लोक हसले, मीही हसले. पण महिन्याभराने एक ताई पिशवी घेऊन घरी आल्या. मायक्रोवेव्हमध्ये जरीतून ठिणग्या उडाल्या होत्या, काठ काळा पडला होता आणि दोरा वितळला होता. त्या भांडल्या नाहीत. ‘आईच्या गुडघ्यासाठी घेतली होती,’ एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आतली पिशवी कोऱ्या मांजरपाटाची. कापड आधी धुऊन घ्यायचं, खळ जाते आणि आटायचं ते आधीच आटतं. दोरा सुती. माया अर्धा इंच, टीप दुहेरी. लांबीला तीन कप्पे पाडायचे, नाहीतर सगळे गहू एका टोकाला जातात आणि मानेवर नुसतं फडकं उरतं. वरचा अभ्रा वेगळा, धुता येईल असा, तोही सुतीच. तोंडाला चेन नको, टिचबटण नको. उशीच्या खोळीसारखी कापडाची घडी आत सारायची.

आता गहू. आपल्या साठवणीच्या गव्हाला एरंडेल चोळलेलं असतं किंवा पावडर लावलेली असते, तो घेऊ नका. साधा गहू घ्या, चाळा, निवडा, ऊन दाखवा, मग डब्यात घट्ट बंद करून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. किड्यांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. गहू धुवायचा मात्र नाही. पावसाळ्यात मी फक्त अभ्रे शिवते, भरते दसऱ्यानंतर. पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते, तेव्हा थंडीही असते आणि माल ताजा असतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला, बचत गटांच्या प्रदर्शनाला, गेलात तरी हेच करा: एक पिशवी गरम ठेवा आणि समोरच्याच्या हातात द्या. अशी वस्तू नुसती टेबलावर मांडून विकली जात नाही.

प्रत्येक पिशवीबरोबर चिठ्ठी हवी, मराठीत, मोठ्या अक्षरात. मायक्रोवेव्हमध्ये आधी एक मिनिट, हात लावून पाहा, मग लागलं तर थोडं आणखी. पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तापवू नका. गरम पिशवी पांघरुणात गुंडाळून ठेवू नका. दाणे तापून तापून कोरडे पडतात, मग आतून धुमसू शकतात. करपल्याचा वास आला की पिशवी टाकून द्यायची. आणि एक ओळ ठळक लिहा: मधुमेह असेल तर पिशवी तळपायाला लावू नये. अशा पायांना चटका बसलेला अनेकदा कळत नाही.

तुम्ही विचारायच्या आधी सांगते, मोहरीची उशी मी आता शिवत नाही. मागणी फार, शिवायला सोपी, पैसेही बरे. पण तान्ह्या बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपवा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मग मी कुठल्या तोंडाने विकू? बारशाला द्यायला कुंची शिवा, जुन्या सुती साडीची दुपटी शिवा. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाची सर नव्याला येत नाही.

किमतीचं थोडक्यात. मी पहिल्या वर्षी पिशवी १२० रुपयांना विकली. सामान ९५चं, म्हणजे २५ सुटले म्हणून खूश! मग एकदा घड्याळ लावून बसले. कापणं, शिवणं, भरणं, इस्त्री मिळून पाऊण तास लागतो. वर प्रवास नि स्टॉलचं भाडं. आता २८० घेते. ‘एवढे?’ म्हणतात काहीजण. म्हणू द्या. मी आतली टीप उलटून दाखवते.

पिशवी गार झाली का? द्या इकडे. चला, मशीनवर बसू. मांजरपाट प्रत्येकीला साडेदहा बाय एकोणीस इंच कापून ठेवलाय, पन्हा चव्वेचाळीस इंच असेल तर एका मीटरात असे आठ तुकडे बसतात. खडूने रेघ मारून घ्या, काठापासून अर्धा इंच सोडून.