काचेच्या अलीकडची बाळंतीण

नमस्कार, श्रोतेहो.

दिवस भरण्याआधीच जन्मलेले, दीड किलोचे बाळ रुग्णालयाच्या नवजात कक्षात हलवले, की सारे घर त्याच्यामागे धावते. आणि जिच्या पोटावरचे टाके अजून ओले आहेत, ती बाळंतीण प्रसूती विभागातल्या खाटेवर एकटीच उरते. शेजारच्या खाटांवर बाळे रडतात, पाजली जातात, आणि हिची कूस मात्र रिकामी असते. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

आधी दुधाचे. साधारण 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमत नाही, म्हणून आईने हाताने दूध काढून द्यायचे असते. शक्यतो प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करून, पुढे दिवसरात्र मिळून किमान 8 वेळा. पहिल्या दिवशी स्टीलच्या वाटीच्या तळाशी चिकाचे चार-पाच पिवळसर थेंब जमतात. ते पाहून ‘एवढंसंच?’ असे म्हणणारी सासू किंवा मावशी दुष्ट नसते, पण त्या एका शब्दाने पान्हा अडू शकतो. वास्तविक नळीतून दूध घेणाऱ्या इवल्या बाळाला सुरुवातीला तेवढेच थेंब मोलाचे असतात. शिवाय दूध खरोखरच कमी पडले तरी दोष आईचा नव्हे; अशा वेळेसाठीच 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध साठवून गरजू बाळांना देणारी सोय, सुरू झाली.

दुसरी गोष्ट बाळाला उराशी धरण्याची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे, काचपेट्या अपुऱ्या पडल्यामुळे, बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवण्याची रीत सुरू झाली. तिलाच आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात, 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेचच असे धरल्याने पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. त्यासाठी आईची खाट बाळाच्या कक्षातच ठेवली होती. तरीही अनेक ठिकाणी आईला ठरावीक वेळी, पाहुण्यासारखे, काचेतून बाळ दाखवले जाते. संसर्गाची काळजी रास्तच आहे, पण तिचे उत्तर हात धुणे आहे, आईला दाराबाहेर ठेवणे नव्हे.

घरच्यांनी काय करावे? तिला चाकाच्या खुर्चीवरून बाळापर्यंत न्यावे. बाळाजवळचे यंत्र वाजले की ती दचकते. पुष्कळदा बाळाच्या पायाला लावलेली, प्राणवायू मोजणारी पट्टी नुसती सरकलेली असते, हे परिचारिकेकडून तिच्या कानावर घालावे. ‘आज वजन किती?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारूच नये, कारण सुरुवातीला वजन उतरतेच. पाचवी आणि बारसे थांबले तरी चालेल, पण तिचा गरम डबा थांबू नये. वडिलांनीही सदऱ्याची बटणे सोडून बाळाला छातीशी घ्यावे. तेवढ्या वेळात तिला झोप मिळते. दोन आठवड्यांनंतरही तिचे रडू थांबत नसेल, तर तो हळवेपणा न मानता डॉक्टरांना सांगावे.

आणि बाळ घरी आल्यावरही, रात्री तीन वाजता दूध काढायचे असेल, तर गजर तिच्या उशाशी नको, आपल्या उशाशी लावा, आणि वाटी-चमचा उकळून ठेवल्यावरच तिला हाक मारा.